क्रेडिट अ‍ॅनालिस्टची नोकरी: बाजार कसा वाचायचा आणि आत कसं शिरायचं

कर्ज द्यायचं की नाही, द्यायचं तर किती, कशाच्या तारणावर आणि कोणत्या अटींवर, हे ठरण्याआधी कुणीतरी कर्जदाराचे हिशेब उघडून बसलेलं असतं. ते काम क्रेडिट अ‍ॅनालिस्टचं. या कामात नव्याने येऊ पाहणारे बहुतेकजण आज एकच प्रश्न विचारतात: कर्जाचे निर्णय संगणकच घेणार असेल तर या वाटेला जावं का?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. क्रेडिट अ‍ॅनालिस्टचा बाजार एकसंध नाही, त्याचे दोन भाग झाले आहेत. ताळेबंदातले आकडे उचलून ठरलेल्या रकान्यांत भरणं आणि गुणोत्तरं काढणं हा भाग झपाट्याने आटतो आहे. ‘हा कर्जदार पैसे कुठून फेडेल आणि कधी फेडू शकणार नाही’ हे लिहून मांडणं आणि कर्ज मंजूर करणाऱ्या समितीसमोर त्याची बाजू धरणं, या भागाला मागणी टिकून आहे. काही ठिकाणी ती वाढतेही आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या तुम्हाला या दुसऱ्या भागात कसं पोहोचता येईल, याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

## १. बाजाराचं चित्र आधी समजून घ्या

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने २०२३ ते २०३३ या दशकासाठी मांडलेल्या अंदाजात ‘क्रेडिट अ‍ॅनालिस्ट’ या पदाच्या नोकऱ्या घटताना दिसतात. त्याच अंदाजात वित्तीय विश्लेषकांच्या व्यापक गटाची वाढ मात्र सर्वसाधारण नोकऱ्यांच्या वाढीपेक्षा जास्त आहे. हे एका देशाचे आकडे आहेत, पण त्यांच्यामागची कारणं सगळीकडे लागू पडतात. एकूण संख्या घटली म्हणून भरती बंद होते असंही नाही. लोक निवृत्त होतात, बढती घेऊन दुसऱ्या कामावर जातात आणि त्यांच्या जागा भराव्याच लागतात.

घट कुठे होते आहे? मुख्यतः व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या छोट्या, एकसारख्या कर्जांत. हा बदल काही काल-परवा सुरू झालेला नाही. फेअर, आयझॅक ही कंपनी १९५६ मध्ये सुरू झाली, आणि सगळ्या सावकारांना वापरता येईल असा तिचा सर्वसाधारण क्रेडिट स्कोअर १९८९ मध्ये आला. तेव्हापासून क्रेडिट कार्ड किंवा वाहनकर्जाचा अर्ज माणसाने एकेक करून वाचण्याची गरज कमी कमी होत गेली. आता कंपन्यांच्या ताळेबंदातले आकडे वाचून तक्ते भरण्याचं कामही सॉफ्टवेअर करतं. पूर्वी नव्या माणसाचं पहिलं वर्ष नेमकं याच कामात जायचं. म्हणून आज सर्वांत जास्त दबाव अगदी खालच्या पायरीवरच्या जागांवर आहे. नवख्यांना हे कटू वाटेल, पण तयारीची दिशा यावरूनच ठरते.

मागणी कुठे आहे? तीन जागा ठळक दिसतात.

पहिली, खासगी कर्जनिधी. २००८ च्या संकटानंतर बँकांच्या भांडवलाचे नियम कडक झाले आणि मध्यम आकाराच्या कंपन्यांना कर्ज देण्याचं बरंच काम बँकांबाहेरच्या निधींकडे गेलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२४ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार, या क्षेत्राचा जागतिक आकार २०२३ मध्ये दोन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. या कर्जांची बाजारात रोज खरेदी-विक्री होत नाही, अनेकांना सार्वजनिक पतमानांकनही नसतं. म्हणजे कर्जदाराचा अभ्यास निधीलाच स्वतःची माणसं ठेवून करावा लागतो.

दुसरी, दिलेल्या कर्जावर लक्ष ठेवणं. आयएफआरएस ९ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक १ जानेवारी २०१८ पासून लागू झालं. कर्ज बुडाल्यावर तरतूद करायची ही जुनी पद्धत त्याने बदलली आणि संभाव्य तोट्याची तरतूद आधीच करायला लावली. कर्जदाराची जोखीम लक्षणीय वाढली आहे का, हे आता सतत तपासावं लागतं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. स्वस्तात घेतलेली जुनी कर्जं महाग दराने नव्याने घ्यावी लागली की कोणत्या कंपन्या अडचणीत येतील, हे शोधणं अशा काळात पूर्णवेळ काम होऊन बसतं.

तिसरी, कर्जाचे निर्णय घेणाऱ्या संगणकीय मॉडेलची तपासणी. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने व्यक्तींची पत ठरवणाऱ्या प्रणालींना ‘उच्च जोखीम’ गटात घातलं आहे. अमेरिकेत कर्ज नाकारलं तर त्याची ठोस कारणं अर्जदाराला सांगावी लागतात. ‘संगणकाने नाही म्हटलं’ एवढं सांगून भागत नाही. म्हणजे संगणकाचा निर्णय समजून घेऊन तो माणसांना समजावून सांगेल, असं कुणीतरी लागतंच.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते. या बाजाराला भरती-ओहोटी आहे, पण सगळ्या विभागांची एकाच वेळी नाही. कर्जं भराभर दिली जातात तेव्हा नवीन प्रस्ताव तपासणाऱ्यांची भरती जोरात असते. मंदी आली की ती थांबते, आणि थकीत कर्जांची पुनर्रचना व वसुली पाहणाऱ्या विभागात माणसं कमी पडू लागतात. नोकरी शोधताना आपण चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहोत ते पाहा आणि त्या टप्प्यात भरती करणाऱ्या विभागाचं दार ठोठवा.

## २. कोणत्या दाराने शिरायचं ते ठरवा

‘मला क्रेडिटमध्ये काम करायचंय’ एवढं पुरेसं नाही. सहा निरनिराळ्या नोकऱ्या या एकाच नावाखाली येतात.

व्यक्तिगत कर्जं. अर्ज खूप, प्रत्येकाला वेळ थोडा. शिरायला सोपं, पण यंत्रांचा रेटा इथेच सर्वांत जास्त. आलात तर सुरुवातीपासून विदा (डेटा) हाताळायला शिका आणि धोरण किंवा स्कोअरकार्ड (अर्जांना गुण देण्याची पद्धत) बनवणाऱ्या चमूकडे सरका.

लहान आणि मध्यम उद्योगांची कर्जं. शिकण्यासाठी याच्याइतकी चांगली जागा नाही, असं मला मनापासून वाटतं. इथे हिशेब अनेकदा अपुरे असतात. मालक आणि धंदा यांचे पैसे एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कारखान्यात प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय खरं चित्र कळत नाही. कागदावरच्या साठ्याचा आणि गोदामातल्या मालाचा मेळ घालायला तुम्ही इथे शिकता.

मोठ्या कंपन्यांची कर्जं. रक्कम मोठी, करार गुंतागुंतीचे, बऱ्याचदा अनेक बँका एकत्र. इथे करारातल्या अटी वाचता येणं फार महत्त्वाचं ठरतं.

पतमानांकन संस्था. मूडीज, एस अँड पी, फिच आणि देशोदेशीच्या स्थानिक संस्था. पगार निधींपेक्षा बहुधा कमी, पण लिहिण्याची आणि मत मांडण्याची शिस्त इथे पक्की होते. ‘बीबीबी वजा’ ही गुंतवणूकयोग्य मानांकनाची शेवटची पायरी, आणि तिच्या खालच्या ‘बीबी अधिक’शी तिचं कागदावर एकाच पायरीचं अंतर आहे. पण अनेक गुंतवणूकदारांना त्या रेषेखालचे रोखे ठेवताच येत नाहीत, त्यामुळे ती पायरी उतरलेल्या कंपनीचा कर्जाचा खर्च चांगलाच वाढतो. अशा निर्णयाचं समर्थन लेखी द्यावं लागतं.

गुंतवणूकदारांची बाजू. रोखे घेणारे फंड, विमा कंपन्या, खासगी कर्जनिधी. थेट नवख्यांना घेण्याचं प्रमाण इथे कमी. दोन-तीन वर्षं बँकेत किंवा मानांकन संस्थेत काढून येणं ही रुळलेली वाट आहे.

कंपन्यांतला उधारी विभाग. उत्पादक आणि वितरक कंपन्या ग्राहकांना उधारीवर माल देतात, आणि कुणाला किती मर्यादेपर्यंत द्यायचा हे ठरवायला माणूस ठेवतात. या दाराकडे फार थोडे नवखे पाहतात, त्यामुळे स्पर्धाही कमी असते. आपला निर्णय बरोबर होता की चूक, हे साठ-नव्वद दिवसांत समोर येतं. इतक्या लवकर शिकवणारी दुसरी जागा या क्षेत्रात नाही.

यांतली दोन दारं निवडा. सहाही ठिकाणी एकच अर्ज पाठवला तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्हाला फरक ठाऊक नाही.

## ३. ताळेबंद वाचायला शिका, गुणोत्तरं पाठ करू नका

इथे जरा जास्त वेळ घालवू, कारण निवड याच मुद्द्यावर होते.

एक काल्पनिक कंपनी घ्या. आकडे कोणत्याही चलनात धरा. गेल्या वर्षी विक्री १,०००, यंदा १,३००. व्याज, घसारा आणि कर यांआधीचा नफा २००. घसारा ४०, व्याज ५०, कर ३०. म्हणजे निव्वळ नफा ८०. यंदा मुद्दल ९० फेडायचं आहे. व्याज आणि मुद्दल मिळून १४०. २०० ला १४० ने भागलं की कर्जफेड क्षमतेचं गुणोत्तर १.४३ येतं. विक्री वाढली, नफा आहे, गुणोत्तर चांगलं. कागदावर कर्जदार उत्तम.

आता येणी पाहा. गेल्या वर्षी ग्राहक सरासरी ६० दिवसांनी पैसे देत होते, यंदा १०० दिवसांनी. १,००० च्या विक्रीवर ६० दिवसांची येणी सुमारे १६४ होतात, १,३०० च्या विक्रीवर १०० दिवसांची सुमारे ३५६. म्हणजे वर्षभरात १९२ इतकी रक्कम ग्राहकांकडे अडकली. निव्वळ नफा ८०, त्यात घसारा ४० मिळवला, १२० झाले. त्यातून १९२ गेले. धंद्यातून आलेली रोकड उणे ७२. त्यावर मुद्दल ९० द्यायचंच आहे. एकूण तूट १६२.

मग हप्ते वेळेवर कसे गेले? कुणीतरी नवं अल्पमुदतीचं कर्ज दिलं असेल, पुरवठादारांची देणी लांबवली असतील किंवा मालकाने पैसे घातले असतील. ते शोधणं तुमचं काम. त्याहून मोठं काम म्हणजे पुढचा प्रश्न विचारणं: ग्राहक उशिरा पैसे का देऊ लागले? विक्री वाढवण्यासाठी उधारी सैल केली का? एखादा मोठा ग्राहक अडचणीत आहे का? की न झालेली विक्री दाखवली आहे?

सॉफ्टवेअर १.४३ हे उत्तर क्षणात देतं, येणी फुगल्याचा इशाराही देईल. पण ग्राहकाला फोन कुणी करायचा, मालकाला कोणता प्रश्न विचारायचा आणि त्याच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हे माणसाकडेच राहतं.

अभ्यासासाठी हा क्रम ठेवा: आधी रोख प्रवाह पत्रक, मग ताळेबंद, मग नफा-तोटा पत्रक आणि शेवटी हिशेबांना जोडलेल्या टिपा. सवय झाली की टिपा सर्वांत आधी वाचाल. संभाव्य देणी, दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी, संबंधित कंपन्यांशी झालेले व्यवहार हे सगळं तिथे असतं. लेखापरीक्षकाचा शेरा त्याच्या वेगळ्या अहवालात असतो, तोही वाचा.

एडवर्ड ऑल्टमन यांचा १९६८ चा झेड-स्कोअर जरूर शिका. पाच गुणोत्तरांवरून दिवाळखोरीचा धोका मोजण्याची ती पद्धत आजही शिकवली जाते. पण ती भांडवल बाजारात नोंदलेल्या उत्पादक कंपन्यांवरून बेतलेली होती. बँक किंवा विमा कंपनीला मूळ सूत्र जसंच्या तसं लावणाऱ्या उमेदवाराला पुढचा प्रश्न अवघड जातो.

## ४. स्वतःची नमुना क्रेडिट नोट लिहा

क्रेडिट नोट म्हणजे कर्ज द्यावं की नाही याची कारणांसकट लेखी शिफारस. या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. पदवी आणि प्रमाणपत्रं शेकडो अर्जांत असतात. स्वतः लिहिलेली चार-पाच पानांची नीट क्रेडिट नोट फार थोड्यांकडे असते. मुलाखतीत ती पुढे ठेवली की बोलणं तुमच्या कामावर येतं.

क) भांडवल बाजारात नोंदलेली, मध्यम आकाराची, समजायला सोप्या धंद्यातली कंपनी निवडा. बँका, विमा कंपन्या आणि पन्नास उपकंपन्यांचे समूह पहिल्या खेपेला नकोत.

ख) किमान तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. पाच मिळाले तर उत्तम. मानांकन संस्थेचा अहवाल असेल तर तो बाजूला ठेवा आणि आपलं मत लिहून झाल्यावरच उघडा.

ग) कंपनीने पाच वर्षांचं कर्ज मागितलं आहे असं गृहीत धरा आणि रक्कम स्वतः ठरवा. कर्जाचं कारण लिहा. यंत्र घ्यायला, जुनं कर्ज फेडायला आणि खेळत्या भांडवलासाठी, अशा तीन कर्जांची जोखीम तीन प्रकारची असते.

घ) शिफारस पहिल्याच परिच्छेदात द्या: द्यावं, देऊ नये किंवा या अटींवर द्यावं. वाचणारा व्यवस्थापक शेवटच्या पानापर्यंत थांबत नाही.

ङ) फेडीचा पहिला मार्ग लिहा, म्हणजे धंद्यातली रोकड. मग दुसरा लिहा, म्हणजे तारण, हमी किंवा मालमत्तेची विक्री. फक्त तारणावर विसंबलेली नोट कच्ची समजतात. तारण विकून पैसे वसूल करायला वेळ आणि खर्च दोन्ही लागतात.

च) विक्री १५ टक्क्यांनी घटली, व्याज दोन टक्क्यांनी वाढलं, मोठा ग्राहक गेला, अशा परिस्थितींत हप्ते निघतील का ते आकड्यांत दाखवा. कोणत्या बिंदूला कंपनी अडकते तो बिंदू शोधा.

छ) तुमचं मत चुकलंच तर कशामुळे चुकेल, ते एका परिच्छेदात स्पष्ट लिहा. अनुभवी माणूस नोटमध्ये हाच परिच्छेद आधी शोधतो.

दुसरी नोट बुडालेल्या कंपनीवर लिहा. ब्रिटनची कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवा कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. तिचा २०१६ चा वार्षिक अहवाल कोसळण्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. तो उघडा आणि पुढे काय झालं हे विसरून वाचा. वर्षअखेरचं निव्वळ कर्ज आणि वर्षभरातलं सरासरी कर्ज यांची तुलना करा; सरासरीचा आकडा दुपटीहून मोठा आहे. वर्षअखेरीला कर्ज तात्पुरतं खाली आणलेलं असू शकतं, हे त्यातून डोळ्यांना दिसतं. पुरवठादारांना बँकेमार्फत पैसे देण्याच्या व्यवस्थेतली देणी कर्जात धरली नव्हती, हेही पाहा. या एका अहवालावर मन लावून केलेला अभ्यास खूप काही शिकवून जातो.

इथे फसू नका: इंटरनेटवरून तयार नोट उचलून नावं बदलू नका, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अख्खी नोट लिहून घेऊ नका. मुलाखतीत ‘हा आकडा कुठून आला’ असं तीनदा विचारलं की सगळं उघडं पडतं. आकडे पडताळायला, भाषा सुधारायला मदत घ्यायला हरकत नाही. मत तुमचं हवं.

## ५. साधनं आणि परीक्षा

एक्सेल पक्कं हवं. तीनही पत्रकं एकमेकांना जोडून पुढच्या तीन वर्षांचा अंदाज कोऱ्या पानावरून बांधता आला पाहिजे. त्यानंतर एसक्यूएल (साठवलेल्या विदातून हवी ती माहिती काढण्याची भाषा) आणि थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा). व्यक्तिगत कर्जांच्या किंवा मॉडेलच्या बाजूला जायचं असेल तर ही दोन अनिवार्यच आहेत. मोठ्या कंपन्यांच्या कर्जात ती नसली तरी सुरुवात होते.

परीक्षांपैकी दोन जगभर ओळखल्या जातात. सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) तीन पातळ्यांची आहे आणि गुंतवणुकीच्या बाजूला जास्त उपयोगी. एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर) दोन भागांची आहे आणि जोखीम विभागांत तिला वजन आहे. माझा सल्ला असा की पहिल्या नोकरीसाठी यांतल्या एकीचा पहिला टप्पा पुरे. पूर्ण परीक्षा होईपर्यंत अर्ज थांबवणारे दोन-तीन वर्षांचा अनुभव हकनाक गमावतात.

तीन संज्ञा तोंडपाठ नव्हे, हातात बसलेल्या हव्यात: कर्ज थकण्याची शक्यता, थकल्यावर होणाऱ्या नुकसानीचं प्रमाण आणि थकतेवेळची बाकी. बाकी १,०००, शक्यता २ टक्के, नुकसान ४० टक्के असेल तर अपेक्षित तोटा ८. या आठामुळे व्याजदर किती असायला हवा, असा पुढचा प्रश्न येतो, त्याचीही तयारी ठेवा.

‘नोकरीची हमी’ देऊन भरमसाट शुल्क घेणाऱ्या अभ्यासक्रमांपासून लांब राहा. शिकवणारा माणूस कर्जविभागात प्रत्यक्ष बसलेला होता का, हे आधी विचारा. उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.

## ६. जवळ तयार ठेवायची कागदपत्रं

- एका पानाचा बायोडेटा; त्यात केलेल्या विश्लेषणाचा उल्लेख, नुसती विषयांची यादी नको
- स्वतः लिहिलेल्या दोन क्रेडिट नोट्स, पीडीएफ स्वरूपात
- त्यांच्यामागची एक्सेल फाइल, सूत्रं दिसतील अशी
- पदवीची प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका
- आधीच्या नोकरीची किंवा उमेदवारीची (इंटर्नशिपची) पत्रं. नोंदींत अंतर असेल तर त्याचं खरं कारण
- ओळख आणि पत्त्याचे पुरावे
- तुमच्या कामाबद्दल बोलू शकतील अशा दोघांची नावं, त्यांची परवानगी घेऊन
- तुमचा स्वतःचा पतअहवाल

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. अनेक वित्तसंस्था नेमणुकीआधी उमेदवाराची आर्थिक पार्श्वभूमी तपासतात. जुनं थकलेलं कार्ड किंवा चुकीची नोंद असेल तर ती आधी दुरुस्त करा. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर विचारल्यावर प्रांजळपणे सांगा.

## ७. जाहिराती वाचताना

‘क्रेडिट अ‍ॅनालिस्ट’ हे नाव नसलेल्या जाहिरातींतही ही नोकरी लपलेली असते. क्रेडिट ऑफिसर, अंडररायटर, रिस्क अ‍ॅनालिस्ट, पोर्टफोलिओ मॉनिटरिंग, अर्ली वॉर्निंग, स्पेशल अ‍ॅसेट्स ही नावंही शोधा. शेवटची दोन, म्हणजे अडचणीत येऊ घातलेल्या आणि थकलेल्या कर्जांची कामं, मंदीत जास्त दिसतात.

उलटही घडतं. नाव विश्लेषणाचं आणि काम कर्ज विकण्याचं किंवा हप्ते वसूल करण्याचं. जाहिरातीत दरमहा उद्दिष्ट, कमिशन किंवा ग्राहक मिळवणं असे शब्द असतील तर स्पष्ट विचारा: माझ्या कामाचं मोजमाप किती कर्जं मंजूर झाली यावर होणार का? तसं असेल तर सावध व्हा. ज्याचा पगार होकारावर अवलंबून आहे, त्याला निर्धास्तपणे नकार देता येत नाही.

आणखी एक पारख. काम फक्त आकडे भरण्याचं आहे, शिफारस दुसऱ्या शहरातला किंवा दुसऱ्या देशातला चमू लिहितो, अशा केंद्रांतल्या जागा बऱ्याच असतात. सुरुवात म्हणून त्या वाईट नाहीत. पण नोट लिहिण्याची संधी केव्हा मिळते आणि गेल्या वर्षी कितीजणांना मिळाली, हे विचारून घ्या. यंत्रांमुळे आधी कमी होतात त्या याच जागा.

नेमणुकीसाठी पैसे मागणारा कुणीही खरा नियोक्ता नसतो. तिथेच थांबा.

## ८. मुलाखत

तांत्रिक प्रश्न ठरलेल्या वळणाचे असतात. घसारा १० ने वाढला तर तीनही पत्रकांत काय बदलेल? नफ्यात असलेली कंपनी दिवाळखोर कशी होते? कर्जाच्या करारात कोणत्या अटी घालाल आणि का? पहिल्याचं उत्तर कागदावर लिहून सराव करा. दुसऱ्यासाठी वरची काल्पनिक कंपनी आहेच.

खरा कस प्रकरण दिल्यावर लागतो. दोन कंपन्यांचे आकडे पुढे ठेवतात आणि एकीलाच कर्ज द्यायचं असतं. इथे उत्तराइतकीच विचारांची वाट पाहिली जाते. आधी विचारा की कर्ज कशासाठी आहे. मग रोकड कुठून येते ते सांगा. मग काय माहीत नाही आणि ते कसं मिळवाल ते सांगा. शेवटी ठाम शिफारस द्या. ‘दोन्ही बाजू आहेत’ म्हणून थांबणारे उमेदवार इथेच मागे पडतात.

मग मुलाखत घेणारा मुद्दाम उलट बाजू घेतो. नवी माहिती दिली तर मत बदला आणि का बदललं ते सांगा. माहिती न देता नुसता आवाज चढवला तर मत धरून ठेवा. समितीत विक्री विभागाकडून असाच दबाव येतो, आणि तुम्ही तो कसा पेलाल हेच त्यांना पाहायचं असतं.

## ९. नेमणूकपत्र स्वीकारण्याआधी विचारायचे प्रश्न

दोन ठिकाणांहून बोलावणं आलं तर पगाराबरोबर हेही ताडून पाहा.

- माझी नोट कोण तपासणार, आणि तिच्यावर लेखी शेरे मिळतात का? चांगल्या वरिष्ठाच्या हाताखालची दोन वर्षं जास्त पगाराच्या एकाकी जागेपेक्षा पुढे कितीतरी उपयोगी पडतात.
- मंजुरी समितीत बोलता येतं का, निदान बसून ऐकू देतात का?
- कर्जदाराला प्रत्यक्ष भेटता येतं का, की सगळं काम पडद्यावरच?
- मी शिफारस केलेल्या कर्जांवर पुढे लक्षही मीच ठेवणार, की ते दुसऱ्या विभागाकडे जातं? दुसऱ्याकडे जात असेल तर वर्षभराने त्या खात्यांचं काय झालं ते कळण्याची सोय करून घ्या.
- किती कंपन्या एका माणसाकडे आहेत? आकडा फारच मोठा असेल तर वाचन वरवरचं होणार.
- कोणते उद्योग माझ्याकडे येतील? पहिल्या दोन-तीन वर्षांत एखाद्या उद्योगाचं अर्थशास्त्र खोलात समजलं तर पुढच्या नोकरीत तुमची ओळख त्यावरूनच होते.
- बाजार मंदावला तर या चमूतल्या माणसांना थकीत खात्यांच्या विभागात हलवतात का? ‘हो’ असेल तर ती जागा जास्त टिकाऊ, कारण नवीन कर्जं थांबली तरी तुमच्या हाताला काम राहतं.